पाणी जुनं होऊ द्या

जालना शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी सुटलं की ड्रम, हंडे, टाक्या भरून ठेवायच्या आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं. अशा घरात माझ्या भाच्याने काचेची दोन फुटी टाकी आणली. त्याच संध्याकाळी त्याला गोल्डफिश सोडायचे होते. मीच अडवलं.

नव्या टाकीतलं पाणी नितळ दिसतं, पण माशांसाठी ते कच्चंच. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारं टाकाऊ द्रव्य आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही जहाल. नायट्राइट रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, मासा भर पाण्यात गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य. जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस भाचा रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत होता, आणि शेजारीपाजारी ‘मासे कुठेत?’ विचारत होते.

जालन्याच्या नळाला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येतं. शिवाय निजामकाळातला घाणेवाडी तलाव आहेच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं, उपयोगी जिवाणूही मारतं. मात्र उघड्या ड्रममध्ये एक-दोन दिवस राहिलं की ते उडून जातं. टंचाईने लावलेली सवय अशी माशांच्या पथ्यावर पडली!

बोअरचं पाणी वेगळं. इथल्या काळ्या खडकातून येताना ते क्षार घेऊन येतं, जड असतं. त्याचा सामू ७ वरून ८ वर गेला तर अमोनियातला विषारी वाटा सुमारे दहापट होतो; उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की आणखी वाढतो, वर गरम पाण्यात प्राणवायूही कमी. म्हणून रात्रीसुद्धा एअर पंप चालू. जड पाणी सोसणारे मासे म्हणजे गप्पी आणि मोली. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं हौदात सोडतं, तेच हे गप्पी.

खरी झटापट बहिणीशी झाली. तिला स्पंज नळाखाली चोळून पांढराशुभ्र करायचा होता. त्या मळातच तर जिवाणू राहतात! तडजोड ठरली: आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, काढलेल्या पाण्यातच स्पंज हलका पिळायचा. ते पाणी कढीपत्त्याला जातं; नायट्रेट म्हणजे झाडाला खतच.

अखेर चाचणीचे थेंब टाकल्यावर नळीतलं पाणी हिरवं न होता पिवळंच राहिलं, म्हणजे अमोनिया शून्य. नायट्राइटही नव्हतं. मग मोजकेच गप्पी आले. गोल्डफिशचा हट्ट अजून सुटलेला नाही, पण ते फार घाण करतात, आणि दोन फुटांत त्यांचं भागत नाही.