अंगणातला काळा डाग

मैत्रिणींनो, घरातली कुठलीही कुरबूर सगळ्यांत आधी कुणाला कळते? जी रोज सकाळी केर काढते तिला. नळ ठिबकतोय, भिंतीला ओल आलीय, दाराला वाळवी लागलीय, सगळे आधी आपल्याच नजरेला पडते. पण नजरेला पडलेले नेटाने सांगणे आपल्याला जमतेच असे नाही. मला जमले नव्हते. त्याचीच ही गोष्ट.

आमची गाडी जुनी. ह्यांनी कर्ज काढून घेतलेली आणि मुलीइतकीच लाडकी. 2023 च्या मार्चमध्ये तिचे सर्व्हिसिंग झाले, ऑइल बदलले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, गाडी उभी असते तिथे शहाबादी फरशीवर मला रुपयाएवढा काळा डाग दिसला. दोन दिवसांनी तो बशीएवढा झाला. मी ह्यांना म्हटले, "अहो, गाडीखाली काहीतरी गळतंय." पेपरातून डोके न काढता हे म्हणाले, "जुनी गाडी आहे, तिला घाम यायचाच. तुला काय कळतंय त्यातलं!"

झाले. मी गप्प बसले. एवढेच नव्हे, तर रोज सकाळी डागावर लाकडाचा भुसा टाकून, साबणाच्या पुडीने घासून फरशी लख्ख करू लागले. आल्यागेल्याने अंगण कळकट म्हणू नये ना! म्हणजे गाडी रोज सांगत होती आणि मी रोज तिचे सांगणे पुसून टाकत होते.

मे महिन्यात माहेरी चिपळूणला गेलो. चार दिवस राहून कऱ्हाडला परत निघालो, तेव्हा गाडीत हे, मी, सासूबाई, मुलगी, शिवाय आंब्यांची पेटी, फणसपोळी आणि आमसुले. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो. एका वळणावर समोरच्या काट्यांशेजारी लाल दिवा लुकलुकला. तेलाच्या झारीचे चित्र असते ना, तोच. वळण सरले आणि दिवा विझला. "गेला बघ," हे म्हणाले. पुढच्या वळणावर पुन्हा लागला.

"अहो, गाडी थांबवा."

"वर हेळवाकला पोचलो की बघू. इथं घाटात कुठं थांबतेस?"

एरवी मी ऐकले असते. पण त्या क्षणी रोजचा तो डाग डोळ्यांसमोर आला. मी म्हटले, "महिनाभर रोज फरशी पुसतेय मी. त्या इंजिनात ऑइल उरलंय का ते आधी बघा. नाहीतर मला इथंच उतरवा." मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबव रे. ती उगाच बोलायची नाही."

रुंद जागा बघून हे थांबले, इंजिन बंद केले. जरा वेळाने बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली, तर टोकाला नुसता ओलावा! ह्यांचा चेहरा उतरला. एका ट्रकवाल्या दादांनी ह्यांना वर सोडले. ऑइलचे डबे घेऊन हे परत येईपर्यंत दीड तास आम्ही तिघी झाडाखाली, आंब्याच्या पेटीची माकडांपासून राखण करत बसलो होतो. सासूबाई हळूच म्हणाल्या, "एकदा सांगून ऐकू येत नाही गं यांना. ह्याच्या वडिलांचंही तसंच. तीनदा सांगावं लागतं. तू दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ऑइल घातल्यावर दिवा विझला, तो पुन्हा लागला नाही. वाटेत दोनदा पट्टी बघत, हळूहळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी वर घेऊन दाखवले. चेंबरच्या नटाखालचा वायसर सर्व्हिसिंगच्या वेळी जुनाच लावला होता, तिथून थेंब थेंब गळत होते. वायसर काही रुपयांचा. "तसेच घाट चढला असता तर इंजिन जाम होऊन पाऊण लाखाला बसलं असतं," मिस्त्री म्हणाले. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसेही जवळजवळ तेवढेच होते.

आता त्या दिवशी मिस्त्रींना विचारून घेतलेले चार शब्द तुम्हालाही सांगते. गाडीखाली ओले दिसले की रात्री कोरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर नुसते पाणी असेल आणि एसी चालवला असेल, तर काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट. तपकिरी-काळे आणि बुळबुळीत असेल तर ऑइल. ते दर वेळी नटापासूनच गळते असे नाही. फिल्टर नीट बसलेला नसतो, टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक होते, ऑइल सील झिजते. गरम सायलेन्सरवर ठिबकले तर जळका वास येतो.

पट्टी बघणे तर दूध उतू जाऊ न देण्याइतके सोपे. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली हवीत. पदर नीट खोचून घ्या. पट्टी ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच ऑइल थोडे थोडे घाला. वरच्या खुणेपलीकडे जाऊ नका, जास्तही वाईटच. लाल दिवा लागला तर मात्र "घरी जाऊन बघू" नाही. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. आणि काढलेले जुने ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजमध्येच द्या. ते विषारी असते.

हल्ली दर रविवारी मी आणि मुलगी पट्टी बघतो. हे शेजारी उभे राहून विचारतात, "किती आहे गं?" घाटातल्या त्या दिवसाबद्दल आम्ही फारसे बोललो नाही. पण मी काही म्हटले की हातातला पेपर खाली येतो, एवढे खरे.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या केर काढताना गाडीखाली एकदा वाकून बघा. डाग दिसला तर पुसायच्या आधी घरातल्यांना हाक मारून दाखवा. एकदा सांगून ऐकले नाही, तर दुसऱ्यांदा सांगा.