बोटांकडे पाहायचे राहिले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. इतिहास घेऊन एम.ए. झालेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा रास्तच आहे. परंतु या इतिहासात माझ्या नावावर एक चूक जमा आहे. ती सांगितल्यावाचून बाकीचे लिहिण्यास हात धजत नाही. ज्याच्या बाबतीत ती घडली, त्या माजी विद्यार्थ्याची मी संमती घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही.

माझ्या नोकरीचे ते दुसरे वर्ष. अधीक्षक रजेवर गेले की वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे असे. अशाच एका रविवारी पाचवीतला एक मुलगा मैदानाकडेच्या चिंचेवरून पडला. पडताना त्याने उजवा हात टेकला होता. पाहता पाहता कोपर सुजले, हात वाकडा दिसू लागला. दवाखाना दूर, वाहन नाही. गावात हाड बसवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. भला माणूस, त्यांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. त्यांनी हात ओढला, चोळला, आंबेहळदीचा लेप लावला आणि बांबूच्या कामट्या लावून चिंध्यांनी करकचून बांधला. हे सर्व होत असताना मुलाला धरून मीच बसलो होतो.

रात्री तो कण्हू लागला. “सर, बोटांना मुंग्या येतात, पट्टी सोडा ना.” मी म्हणालो, “हाड बसतंय बाळा, धीर धर.” काही वेळाने त्याचा आवाज थांबला. झोप लागली असावी असे समजून मीही आडवा झालो. पहाटे कंदिलाच्या उजेडात त्याची बोटे पाहिली. ती थंड आणि पांढुरकी पडली होती. एक बोट सरळ करू गेलो तर तो किंचाळला. पहिल्या एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. डॉक्टरांनी आधी कामट्या कापल्या. मला ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, “हाड जुळेल गुरुजी. स्नायूंचं सांगता येत नाही.”

हाड जुळले. बोटे मात्र तळव्याकडे वळली ती वळलीच.

घडले काय, ते मला पुढे वाचून कळले. कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड पातळ असते. हातावर पडलेल्या लहान मुलांचे हाड बरेचदा तिथेच मोडते आणि हाताची मुख्य रक्तवाहिनी तिथूनच खाली उतरते. आतून सूज वाढते, बाहेरून पट्टी जागा देत नाही. रक्त पोहोचेनासे होते. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात आणि मग आखडतात. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ साली याचे वर्णन करून ठेवले आहे. मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखणे, मुंग्या, बोट ताणताच कळ, या खुणा त्या मुलाने मला स्वतःच्या तोंडाने सांगितल्या होत्या. पुराव्याशिवाय विधान करू नका, असे वर्गात बजावणारा मी. समोर आलेला पुरावा मी ‘धीर धर’ म्हणून फेटाळला. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतः धुऊन खाटेवर निजवले, ही महावग्गातील कथा मी त्याच आठवड्यात मुलांना सांगितली होती!

पुढच्या उन्हाळ्यात मी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचार शिक्षण घेतले. तिथे पहिला धक्का हा बसला, की हाडाच्या बाबतीत करण्यापेक्षा न करण्याचे शिक्षण अधिक आहे. ओढू नये, चोळू नये. निखळलेला खांदा बसवण्याच्या फंदात पडू नये. अवयव ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत आधार द्यावा. लागलेल्या जागेच्या वरचा व खालचा, दोन्ही सांधे हलू देऊ नयेत. जाड पुठ्ठा, घडी घातलेले वर्तमानपत्र, जुन्या धोतराचा त्रिकोणी तुकडा, एवढ्यावर भागते. शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असते, म्हणून चहापाणीसुद्धा देऊ नये (आपल्याकडे हे पाळणे सर्वांत अवघड). बांधून झाल्यावर नखावर दाब देऊन सोडावा. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर पट्टी त्याच क्षणी सैल करावी. नुसते मुरगळले असेल तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, सैलसर पट्टी आणि पाय उशीवर. पण मुरगळले की मोडले, अशी शंका येताच ते मोडलेच आहे असे धरून चालावे.

तेव्हापासून दर जूनमध्ये नववीच्या मुलांना मी हे शिकवतो. एकदा सकाळच्या वंदनेच्या वेळी एका मुलाला फिट आली. कुणी कांदा आणायला धावले, कुणी चप्पल हुंगवा म्हणाले. एक मोठा माणूस दातांत चमचा घालू पाहत होता. नववीतल्या एका मुलीने त्यांना नम्रपणे पण ठामपणे अडवले. तिने डोक्याखाली घडी केलेली सतरंजी सरकवली, गळ्याचे बटण सोडले, झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवले. नजर घड्याळावर होती. पाच मिनिटे उलटली तर १०८ ला फोन करायचा, हे तिला ठाऊक होते. दोन मिनिटांत झटके थांबले. तिच्या हाताला कंप नव्हता, माझ्या हाताला होता.

गेल्या जूनच्या वर्गाला तो माजी विद्यार्थी आला. तो आता डाव्या हाताने लिहितो, तालुक्यात नोकरी करतो. त्याने न सांगता बाही वर केली आणि मुलांसमोर हात धरला. मुले गप्प झाली. मग एका पोराला पुढे बोलावून त्याने डाव्या हाताने आणि दातांच्या मदतीने त्याच्या गळ्यात झोळी बांधली, माझ्यापेक्षा नीटस. मी “छान” म्हणालो, तर म्हणाला, “थांबा सर, अजून झालं नाही.” त्याने त्या पोराचे नख दाबले, सोडले आणि गुलाबी रंग परत येईपर्यंत वाकून पाहत राहिला.