दबलेले की दाबलेले?

मीरा रोडला उतरून घरी पोहोचलो, तेव्हा नववीत शिकणारी मुलगी इतिहासाचे पुस्तक उघडून वाटच पाहत होती. "बाबा, 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणजे निराश झालेले लोक का?" तिच्या पिढीला हा शब्द मनाच्या आजाराचा म्हणूनच ठाऊक. मला हसू आले नाही. तो शब्द मी आपल्या वसतिगृहात शिकलो होतो.

भोजनगृहात कणीक मळण्याची माझी पाळी होती. गुरुजींनी गोळ्यात अंगठा रुतवला आणि म्हणाले, "हा दबलेला आहे म्हटलेस, तर केवळ त्याची अवस्था सांगितलीस. दाबलेला म्हटलेस, की अंगठा कोणाचा, हे विचारावे लागते. 'डिप्रेस्ड' आणि 'सप्रेस्ड' यांत हाच फरक."

मुलीला मी लोकलचे उदाहरण दिले. गर्दीत मी रोज दबतो, पण मला कोणी ठरवून दाबत नाही. अस्पृश्यांचे तसे नव्हते. तरीही सरकारदरबारी 'डिप्रेस्ड' हेच विशेषण रूढ होते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली स्थापिलेल्या मिशनच्या नावातही तेच होते. गांधीजी 'सप्रेस्ड' लिहीत. पुढे १९३१ साली, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी लेखी निवेदन देऊन 'डिप्रेस्ड' हे नाव अपमानास्पद असल्याचे सांगितले व ते बदलण्याची मागणी केली. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' ही संज्ञा आली. आणि १९४५ साली बाबासाहेबांनी शिक्षणसंस्था काढली, तिचे नाव ठेवले 'पीपल्स एज्युकेशन सोसायटी'. दबलेले नाहीत, दाबलेलेही नाहीत, केवळ लोक.

"मग 'दलित'?" तिने विचारले.

"दळलेले, भरडलेले. तिथे जाते आले आणि ते फिरवणारा हातही आला."

तिने वहीत लिहिले, 'ते लोक निराश नव्हते. त्यांना दाबले गेले होते.' वाक्य शुद्ध होते, तरी मी वही परत दिली. "कर्ता कुठे आहे?" मी विचारले आणि माझ्याच आवाजात मला गुरुजी ऐकू आले. तिने थोडा विचार केला, 'गेले' खोडले आणि लिहिले, 'त्यांना माणसांनी दाबले होते.'

वसतिगृहाने मला अन्न दिले, छप्पर दिले. पण वाक्यातला कर्ता शोधण्याची ही सवय, हे त्याचे मोठे देणे. त्या रात्री ते पुढच्या पिढीच्या वहीत उतरलेले पाहिले.