आवाजाचं बटण

मराठीत 'आवाज' या शब्दाला आपण फार राबवून घेतलं आहे. गळ्यातून निघतो तो आवाज, भांडं पडलं की होतो तो आवाज, फटाक्याचाही आवाज आणि रेडिओचं बटण फिरवून कमी-जास्त करतो तोही आवाजच! गोव्यात घरोघरी कोकणी बोलतात, तिथे तर मामला आणखी सुटसुटीत. आवाज हा शब्दसुद्धा गाळून टाकायचा. "रेडिओ मातसो ल्हान कर रे!" अशी आजीची हाक यायची. रेडिओ जरा लहान कर. बटण फिरवलं की ते खोकंच आकसणार किंवा फुगणार असं काहीसं! लहानपणी मला त्यात काही चूक वाटत नसे. आवाज वाढला की रेडिओ खरोखरच सगळी खोली व्यापून टाकायचा.

आमच्या घरातला हा लहान-मोठा होणारा प्राणी म्हणजे १९८८ साली काकांनी कुवेतहून आणलेला टू-इन-वन. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये कॅसेटचा कप्पा, वर रेडिओची काचेची पट्टी आणि उजव्या अंगाला आवाजाचं चकचकीत बटण. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर तेव्हा असे तीन-चारच सेट असतील, सगळे आखातातून आलेले. आमचा अजून आहे. कॅसेटचे पट्टे दोनदा बदलले, एरियल मोडून निम्मं झालं, पण सेट चालतो.

या बटणाचा सर्वांत नाजूक काळ १९९० चा. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. काका तिथेच होते. फोन बंद, पत्रं बंद. मी तेव्हा अकरा वर्षांचा. रात्री सगळं घर निजलं की बाबा शॉर्टवेव्हवर बातम्या लावायचे, आणि आजी जागी होऊ नये म्हणून बटण इतकं खाली ठेवायचे की स्पीकरच्या जाळीला कान लावल्याशिवाय काही कळू नये. आजीला आम्ही सांगितलं होतं, की काका ठीक आहेत, फक्त टपाल खोळंबलंय. पुढे अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणलं, त्यांत काकाही आले. पण रात्री रेडिओ 'लहान' लावून ऐकायची बाबांची सवय तेव्हापासून जी लागली ती कायमची. नाट्यसंगीताची कॅसेट असो की आकाशवाणीच्या बातम्या, बाबांचं बटण आपलं पहिल्या पाव फेऱ्यातच.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी घर फारच शांत असतं. जितेंद्र अभिषेकी आमच्या जवळच्याच मंगेशीचे, त्यांची कॅसेट निदान दिवसाआड लागायचीच. ती लागेनाशी झाली होती. बाबा ऐंशीला टेकलेले. विचारलं तर म्हणाले, "कंटाळा येतो रे." फोन मात्र ते डाव्या कानाचा उजव्या कानाला लावू लागले होते आणि जेवायला बसताना भिंतीच्या बाजूची जागा सोडून माझ्या डावीकडे बसू लागले होते, म्हणजे मी त्यांच्या उजव्या कानाशी.

एका रविवारी दुपारी मीच सेट लावला. बटण फिरवलं आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मग गाणं सुरू झालं ते फक्त उजव्या स्पीकरमधून. डावा मुका. बटण किंचित पुढे ढकललं की डावा एकदम जागा व्हायचा, मागे आणलं की पुन्हा गप्प. मी सहज बोलून गेलो, की डाव्या बाजूने काहीच ऐकू येत नाही.

बाबा आरामखुर्चीतून वाकून माझ्याकडे बघायला लागले. "तुकाय आयकूंक येना?"

तुलाही ऐकू येत नाही? त्या 'तुलाही'मध्ये चार महिने होते. चार महिने बाबा समजून चालले होते, की आपला डावा कान गेला. खरखर होते ती कानात होते, डावीकडचा आवाज जातो तो आपल्यातून जातो. वयाने संशय आधीच पेरून ठेवलेला. त्यांच्या बरोबरीचे एक मित्र बहिरे होऊन माणसांतून उठले होते, ते डोळ्यांसमोर. कुणाला सांगितलं की तपासण्या, मशीन आणि घरातल्यांचं ओरडून बोलणं मागे लागणार, म्हणून त्यांनी सरळ सेटच बंद करून टाकला.

मी कलाशाखेचा पदवीधर आणि हुद्द्याने कारकून. विजेच्या वस्तूशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण हे काम कुणावर सोपवावं असं वाटेना. आमच्या बाजारात एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, दुकान कधीच बंद केलं, आता नातवंडं सांभाळतात. त्यांना जाऊन लक्षणं सांगितली. त्यांनी सेट न बघताच निदान केलं: "व्हॉल्यूम कंट्रोल गेलेला नाही, मळलाय." गेलेला नाही, मळलाय! आमच्या घरात चार महिने 'गेला' हाच शब्द घोळत होता, तेव्हा हे वाक्य ऐकून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मग त्यांनी एका जुन्या डब्यातून तसाच एक सुटा भाग काढला आणि मला शिकवणी दिली. बटणाच्या दांड्यामागे एक चपटी डबी असते. तिच्यात घोड्याच्या नालेच्या आकाराचा कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावरून सरकणारी पत्र्याची बारीक जीभ. जीभ पट्ट्यावर जिथे टेकते, तिथून आवाजाचा तेवढा हिस्सा पुढे जातो. बस, एवढंच यंत्र. स्टिरिओ सेटमध्ये ही डबी दुमजली: एक मजला डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा, दांडा एकच. जीभ आणि पट्टा यांच्यामध्ये धूळ, झिजलेल्या कार्बनची भुकटी किंवा पत्र्यावरचा गंज आला, की संपर्क तुटत-जुळत राहतो. तीच आपली खरखर. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा धो धो पाऊस असताना ती येत नाही तेच नवल. आणि दोन मजले अगदी तंतोतंत सारखे कधीच नसतात. हा फरक बटण अगदी खाली असतानाच जास्त जाणवतो. बाबांचं बटण तर कायम खालीच.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला अजून पुरी पचलेली नाही. त्या डबीवर 'ए ५० के' असं लिहिलेलं होतं. जपानी पद्धतीत हा 'ए' म्हणजे कानासाठी केलेला पट्टा आणि 'बी' म्हणजे सरळ पट्टा. सरळ पट्ट्यात बटण अर्धं फिरवलं की निम्मा हिस्सा पुढे जातो. व्यवहाराला हे योग्य, पण कानाला चालत नाही. कारण कान असा हिशेब करतच नाही. एका वॅटचा आवाज दुप्पट वाटायला दोन नव्हे, साधारण दहा वॅट लागतात. म्हणून 'ए' पट्टा मुद्दाम वाकडा करतात. अर्ध्या फेऱ्याला साधारण दहा-पंधरा टक्केच हिस्सा जाऊ द्यायचा, उरलेला सगळा पुढच्या अर्ध्यात. मग कुठे कानाला वाटतं, की आवाज सावकाश, सारखा वाढतोय. चुकून 'बी' बसवला तर बटण जरासं हलवताच सेट किंचाळतो आणि पुढे कितीही फिरवा, फारसा फरक नाही. म्हणजे हा एवढासा भाग विजेच्या सोयीने नाही, माणसाच्या कानाच्या मोडणीने घडवलेला आहे. कान वाकडा, म्हणून पट्टा वाकडा!

पुढच्या रविवारी कामाला बसलो. प्लग काढून सेट तासभर तसाच ठेवला, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. बटण ओढून काढलं, नट सोडवला, मागचे सहा स्क्रू काढून पाठ उघडली. आत एक पालीचं अंडं आणि १९८८ पासूनची लाल धूळ. डबीच्या फटीतून आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. तेल मात्र घालायचं नाही अशी सक्त ताकीद होती, शिलाईयंत्राचं नाही आणि खोबरेल तर नाहीच. तेलाने दोन दिवस बरं वाटतं, मग त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस वेळा फिरवलं. उजवा मजला स्वच्छ झाला, डावा मात्र तसाच.

तेव्हा डबीच्या पाकळ्या पक्कडीने हळूच उचकटून ती उघडावी लागली. डावा पट्टा पाहिला. सुरुवातीच्या पाव भागात दोन बारीक चर पडले होते आणि पुढचा सगळा पट्टा जवळजवळ नवा. सदतीस वर्षं घरातला आवाज कुठे राहत होता, याचा जणू पंचनामाच समोर होता. त्यातले किती चर ऑगस्ट १९९० मधले, हे काही कार्बन सांगत नाही. त्याला फक्त फेऱ्यांची मोजदाद कळते. तरी मी तो पट्टा उजेडात धरून बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हांगाच आसलों आमी." इथेच होतो आपण.

झिजलेल्या जागी कार्बन परत भरत नाही. पण जीभ चिमट्याने केसभर बाजूला वाकवली, तर ती जुन्या चराशेजारच्या कोऱ्या वाटेवरून चालू लागते. हे मेकॅनिकबाबांचं गुपित. कान साफ करायची कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून पट्टा पुसला (ही काडी कानात घालू नका असं डॉक्टर सांगतात, रेडिओत घालायला हरकत नसावी), जीभ वाकवली, पाकळ्या दाबल्या, सगळं जोडलं. अभिषेकी दोन्ही बाजूंनी आले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून स्वतः बटण जरा खाली केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धीच दुरुस्ती झाली असती. कानांचा संशय निघालाच होता, म्हणून बाबांना बांबोळीला गोमेकॉत घेऊन गेलो. रांगेत बसल्या बसल्या ते सांगू लागले, की १८ डिसेंबर १९६१ रोजी याच बांबोळीच्या पठारावरच्या वायरलेस केंद्रावर हंटर विमानांनी हल्ला केला आणि १९४६ पासून चाललेलं पोर्तुगिजांचं 'एमिसोरा द गोवा' मुकं झालं. बाबा पंधरा वर्षांचे. शेजारच्यांच्या रेडिओचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी नुसती खरखर. जानेवारी १९६२ मध्ये आकाशवाणीचं पणजी केंद्र सुरू झालं तेव्हा त्या सेटला पुन्हा कंठ फुटला. रेडिओ गप्प झाला तर दोष आपल्या कानाचा, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. पंधराव्या वर्षी येतही नाही!

तपासणीचा आलेख आला. दोन्ही कान सारखेच. डावा काही वेगळा गेलेला नव्हता. खालच्या पट्टीचे स्वर बाबांना चांगले ऐकू येतात, ४००० हर्ट्झच्या वर दोन्ही रेषा घसरलेल्या. वयाने बहुतेकांचं असंच होतं म्हणे. स, श, फ, थ या व्यंजनांचा बराचसा जीव त्या वरच्या पट्टीतच असतो. त्यामुळे म्हातारी माणसं म्हणतात, ऐकू येतं पण कळत नाही, ते शब्दशः खरं असतं. त्यावर आपण काय करतो? बटण मोठं करतो, म्हणजे ओरडतो. त्याने स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं होती तिथेच राहतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. ओरडू नका.

तेव्हा घरात कुणी वडीलधारं माणूस हळूहळू गप्प होताना दिसलं, तर त्याचं वय काढण्याआधी त्याच्यासमोरचं यंत्र एकदा तपासावं, ही माझी नम्र सूचना. रेडिओ, फोन, टीव्ही, काहीही. यंत्राचा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन चूपचाप बसलेली माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतील. आणि दोष माणसातच निघाला, तरी तोही बऱ्याचदा 'गेला' या जातीचा नसतो.

आमची दुरुस्ती काही कायमची नाही. नवी वाटही कधीतरी झिजेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एका मित्राकरवी एक नवा 'ए ५० के' मागवून टेबलाच्या खणात ठेवला आहे. कानाच्या मशीनची चौकशी चालू आहे. बाबांचं म्हणणं पडलं, की त्याला हाताने फिरवायचं बटण असेल तरच घ्या, आपोआप लहान-मोठा होणारा आवाज त्यांना नको. डॉक्टरीणबाईंना पुढच्या खेपेला हे विचारायचं आहे.