वाळ्याचा वास

गेल्या उन्हाळ्यात यवतमाळला बचत गटातील भगिनींसोबत आम्हीही दोन दिवस अगरबत्ती बनविण्याचे प्रशिक्षण घेतले. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा व जिगट पाण्यात मळून बांबूच्या काड्यांवर वळले, काड्या सावलीत वाळविल्या. दुसऱ्या दिवशी सुगंध निवडायचा होता. कुणी मोगरा, कुणी गुलाब घेतला. आम्ही वाळा मागितला. वाळ्याचे तेल सावकाश उडते, म्हणून वास टिकतो.

आमची माय माठात वाळ्याची जुडी टाकायची. कामानिमित्त दारी आलेले गावकरी ‘वास छान येतो’ म्हणत. पाणी मात्र घेत नसत.

परवा घरी तीच अगरबत्ती लावली. शेजारी आले, ‘वास कशाचा?’ म्हणाले. आम्ही आधी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो रिकामा केला. मग सांगितले.