अडलेली मोटर

जळालेली मोटर दुकानात आली की मी शेतकऱ्याला आधी काही विचारत नाही. कव्हर उघडतो, रोटर ओढून बाहेर काढतो आणि स्टेटरच्या तोंडाशी टॉर्च धरतो. सगळ्या कॉईली एकसारख्या काळ्या पडल्या असतील तर मोटर ओव्हरलोडनं नाहीतर कमी व्होल्टेजनं गेली. स्टार कनेक्शनच्या मोटरीत दोन फेजच्या कॉईलींचा कोळसा आणि तिसऱ्या फेजची तार नव्यासारखी लालसर असेल, तर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोघांवर ओढत राहिली. डेल्टात उलटं असतं. तिथं एकच फेज जळतो, दोन शाबूत राहतात. आणि बाकी सगळं ठीक असून एखाद्याच कॉईलीवर बोटाएवढा डाग आणि त्यात वितळलेल्या तांब्याचे मणी दिसले, तर शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधला मुलामा सुटून तिथंच शॉर्ट झालेलं.

एवढं बघून झालं की मग विचारतो, "तात्या, काय झालतं?"

उत्तर ठरलेलं असतं. "काय न्हाई मिस्त्री, चालू होती आन् फुकली. लाईट जास्त आली आसंल."

लाईट जास्त येऊन जळालेली मोटर आमच्या भागात क्वचितच बघायला मिळते. आमचा भाग म्हणजे सांगली जिल्ह्यातला पलूस-कडेगावचा पट्टा. उसाचा, द्राक्षांचा. जवळच कुंडलच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. औंध संस्थानानं दिलेल्या त्या ओसाड जागेची पुढं किर्लोस्करवाडी झाली. त्यामुळे इथल्या पोराला पंप नवा नसतो. विहिरीवर मोटर नाही असं घर सापडणं अवघड. पण मोटर फिरते कशी, हे विचारणारा माणूस मात्र वर्षात एखादाच भेटतो, आणि तोही बहुतेक दहावीतला असतो.

परवा असाच एक बापाबरोबर आला होता. बाकावर पडलेला रोटर उचलून त्यानं चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "काका, याला वायर कुठनं जोडता?" जोडतच नाही. रोटर म्हणजे लोखंडी पत्र्यांची चवड, तिच्यात बसवलेल्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या दांड्या आणि दोन्ही टोकांना त्या दांड्या एकत्र बांधणारी कडी. बस. वीज जाते ती बाहेरच्या स्टेटरला. पोराचा विश्वास बसेना. मग त्याला छर्रा दाखवला.

नवीन वाइंडिंग भरून झालं, कनेक्शन झालं, की वार्निश करण्याआधी ही परीक्षा आम्ही घेतो. स्टेटर आडवा ठेवायचा, आत रोटर नाही. जुन्या बेअरिंगमधला एक छर्रा स्टेटरच्या पोकळीत टाकायचा आणि डिमरस्टॅटवरून अगदी कमी व्होल्टेजची थ्री फेज द्यायची. छर्रा थरथरतो, आतल्या भिंतीला चिकटतो, वर चढतो आणि गरागरा फिरायला लागतो. वर गेला तरी खाली पडत नाही. हात लावणारं कुणी नसतं, फिरणारा एकही भाग नसतो. फिरत असतं ते नुसतं चुंबकत्व. तीन फेजचे तीन करंट एकामागून एक चढतात-उतरतात, म्हणून चुंबकाचं तोंड एका कॉईलीवरून पुढच्या कॉईलीवर सरकत राहतं. एखादी कॉईल उलटी जोडली गेली असेल तर छर्रा तिथं येऊन अडखळतो नाहीतर चिकटून बसतो. मेगर आणि टाँग टेस्टर दोन्ही दुकानात आहेत, पण जोडणी बरोबर आहे हे छर्रा सांगतो तेवढं स्पष्ट मला कुठलंच मीटर सांगत नाही.

फिरत्या चुंबकत्वाची कल्पना गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली, 1888 साली. पुढच्याच वर्षी दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांनी तीन फेजवर चालणारी, पिंजऱ्यासारख्या रोटरची मोटर केली. त्यांना आज आमच्या बाकाशी आणून उभं केलं तर बेअरिंग आणि इन्सुलेशनचे कागद बघून ते नवल करतील, पण मोटर त्यांना ओळखू येईल. या सगळ्याच्या बुडाशी 1831 सालचं मायकेल फॅरेडे यांचं काम आहे: तारेपाशी चुंबकत्व बदलत राहिलं की तारेत वीज उपजते. रोटरच्या दांड्यांत तीच उपजते, आणि त्या विजेपायी दांड्या चुंबकत्वाच्या मागे ओढल्या जातात.

मागे. ते महत्त्वाचं. आपल्या 50 हर्ट्झच्या लाईटवर दोन पोलच्या मोटरीतलं चुंबकत्व मिनिटाला 3000 फेरे घेतं. पण मोटरीच्या पाटीवर 2880 च्या आसपासचा आकडा असतो. हे 120 फेरे कारखान्यानं चोरलेले नाहीत. रोटरनं चुंबकत्वाला गाठलं तर दांड्यांना काहीच बदलतं दिसणार नाही, वीज उपजणार नाही, ओढ संपेल. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो आणि त्या मागे राहण्यावरच चालतो. विहिरीतला भार वाढला की तो आणखी थोडा रेंगाळतो, फरक वाढतो, दांड्यांतली वीज वाढते, त्यासाठी स्टेटर लाईनमधून जास्त करंट खेचतो. किती करंट घ्यायचा हे मोटर आपला भार बघून ठरवते. महावितरण ते पाठवत नाही.

आता हाच रोटर गाळानं किंवा पंपात अडकलेल्या खड्यानं घट्ट धरला. चुंबकत्व 3000 नं पळतंय आणि रोटर जागचा हलत नाही. फरक 120 चा नाही, सगळ्याच्या सगळ्या 3000 चा. 5 एचपीची मोटर भरल्या लोडला साधारण 7 अँपिअर घेते. अडकली की करंट पाच-सहा पट होतो, म्हणजे 40 च्या घरात. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळे ती पंचवीस ते छत्तीस पट. आणि या सगळ्या वेळात पाणी एक थेंब वर येत नाही. शाफ्टवर जोर भरपूर आहे, पण तो हललाच नाही तर बाहेर काम शून्य. लाईनमधून आलेली सगळी ऊर्जा आतल्या आत तांब्यात आणि रोटरच्या दांड्यांत उष्णता होऊन बसते. मोटर कष्टानं जळत नाही, अडून जळते, असं मी पोरांना सांगतो. चांगली फिरणारी मोटर पाच-दहा वर्षं रोज आठ तास पाणी उपसते आणि हाताला नुसती कोमट लागते.

कमी व्होल्टेजची गोष्ट लोकांना पटायला आणखी जड. लाईट कमी आली तर मोटरीला त्रास कमी व्हायला पाहिजे, असं साध्या बुद्धीला वाटतं. बल्बाच्या बाबतीत ते खरंही आहे, तो मिणमिणतो आणि गार राहतो. पण मोटरीला तेवढ्याच खोलीवरचं पाणी ओढायचं असतं. 415 ऐवजी 350 व्होल्ट मिळाले तर तेवढंच काम काढायला ती ढोबळमानानं 19 टक्के जास्त करंट घेते, आणि वर्गाच्या हिशोबानं उष्णता 40 टक्क्यांच्या आसपास वाढते. हे एका रात्रीत मारत नाही. मुलामा हळूहळू कडक होतो, तडकतो, आणि एक दिवस "चालू होती, फुकली."

पाण्याचा हिशोबही मी कधीकधी पावतीच्या मागे मांडून देतो. हजार लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला जवळपास 2 लाख 94 हजार ज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर एका युनिटात बारा हजार लिटर. प्रत्यक्षात मोटर, पंप, फूट व्हॉल्व्ह, पाइपाचे बेंड सगळे आपापला वाटा घेतात आणि पाच-साडेपाच हजार लिटर हाती आलं तरी पंप बरा म्हणायचा. आमच्याकडं तर हा हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला खाली सोडायचं, त्यातून वीज काढायची, आणि इकडं कृष्णेचं पाणी ताकारी-म्हैसाळच्या योजनांनी विजेवर वर चढवायचं. दोन्ही ठिकाणी मोजायचं तेच: किती पाणी आणि किती उंची.

वाया जाणाऱ्या वाट्यात आमच्या धंद्याचाही हात आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जुनं वाइंडिंग काढायचं तर आधी एका बाजूची डोकी छिन्नीनं तोडावी लागतात, मग उरलेल्या तारा स्लॉटमधून ओढायच्या. वार्निशनं त्या दगडासारख्या धरलेल्या असतात. घाईतला कारागीर सरळ स्टेटर जाळावर टाकतो. तारा सटासट निघतात, पण लोखंडी पत्र्यांमधला पातळ इन्सुलेशनचा थरही जळतो. मग पत्र्यापत्र्यांमधून करंट फिरायला लागतो आणि बिनलोडची मोटरसुद्धा तापते. दुसरी गोष्ट तारेची. 19 नंबरच्या जागी 20 नंबर भरली की तांबं वाचतं, स्लॉटमध्ये हात मोकळा चालतो, वेढे तेवढेच बसतात. मोटर फिरते, पाणी देते, गिऱ्हाईक खूश. फक्त तारेचा रोध पाव हिस्सा वाढलेला असतो, आणि तेवढीच उष्णता.

हे गिऱ्हाइकाला कळत का नाही? कारण त्याला ते बिलात दिसत नाही. कित्येक शेतीपंपांना मीटरच नाही, बिल एचपीवर. 2024 पासून तर साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज माफ आहे. माझा माफीला विरोध नाही, उसाचा हिशोब मला माहीत आहे. पण वाया गेलेली ऊर्जा मोजणारं कुणीच उरलं नाही की बारीक तार भरणारा कारागीर स्वस्त आणि म्हणून चांगला ठरतो. त्याच न्यायानं 5 एचपीची पाटी तशीच ठेवून आत साडेसातचं वाइंडिंग भरून द्या म्हणणारेही येतात. मी भरत नाही. ते शेजारच्या गावी जातात.

सगळ्यात जास्त मोटरी मात्र तारेपायी जळत नाहीत, ऑटोपायी जळतात. लाईट कधी रात्री बाराला, कधी पहाटे. थंडीत विहिरीवर कोण जाणार, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. लाईट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, एसटी लागल्यावर सगळी गर्दी एकदम दाराशी जावी तशी. प्रत्येक मोटर उठताना थांबलेलीच असते, म्हणजे तिला पाच-सहा पट करंट पाहिजे. व्होल्टेज खाली बसतं. आणि मोटरीचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर असतो. 415 चे 300 झाले तर जोर निम्म्याला येतो. उठायला जोर पाहिजे, जोराला व्होल्टेज पाहिजे, आणि व्होल्टेज सगळ्यांनी मिळून खाल्लेलं. मोटरी हुंकारत राहतात. रिले ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग शेवटापर्यंत फिरवून ठेवलेली, तेव्हा तोही मधे पडत नाही.

उपाय फुकटचा आहे. बऱ्याच ऑटोंना वेळ मागेपुढे करायची सोय असते. एका डीपीवर दहा मोटरी असतील तर दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं लावायच्या. मागल्या उन्हाळ्यात एकाच डीपीवरच्या तीन मोटरी एकाच आठवड्यात माझ्याकडं आल्या, तेव्हा सगळ्यांना दुकानात बोलावून हे सांगितलं. सगळ्यांना पटलं. मग शेवटचा नंबर कुणी घ्यायचा यावर तासभर वाद झाला. मी म्हणालो, शेवटच्याची मोटर दीड मिनिट उशिरा सुरू होणार, म्हणजे फार तर सहा-सातशे लिटर पाणी कमी.

"ते ठीक हाय मिस्त्री," तात्या म्हणाले, "पर ते सातशे लिटर कुणाच्या उसातनं वजा करायचं, तेवढं लिहून द्या."

शेवटी नंबर दर महिन्याला फिरवायचं ठरलं. प्रत्येक ऑटोची वेळ दर महिन्याला बदलायला कोण जाणार, यावरची बैठक अजून व्हायची आहे.