वैलावरची गाडी

मोटारींची शर्यत म्हणजे श्रीमंतांनी पेट्रोल जाळण्याचा खेळ, हे आमचे जुने मत. ते आमच्या चिरंजीवांनीच मोडले. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या या गृहस्थांच्या खोलीत पोर्श ९५६ या गाडीचे चित्र आहे. १९८२ साली फ्रान्समध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत तिच्या १, २ व ३ क्रमांकांच्या गाड्या त्याच क्रमाने आल्या.

"पण बाबा, इंधन मोजून मिळे!"

१००० किलोमीटरांच्या शर्यतीस अवघे ६०० लिटर. म्हणून इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवावयाचे, आणि त्या चक्राने इंजिनात अधिक हवा कोंबावयाची. हे ऐकताच आम्हांस आईची चूल आठवली. तव्यावर भाकरी, आणि उरल्या धगीवर, वैलावर, आमटी! टर्बो टर्बो म्हणतात तो हाच वैल.

काटकसरीपुढे आमचे काही चालेना. पण याच गाडीतून १९८३ साली न्यूरबर्गरिंगची फेरी ६ मिनिटे ११ सेकंदांत करणारा, पुढे ३५ वर्षे कोणास न गाठता आलेला स्टेफान बेलॉफ १९८५ साली बेल्जियममध्ये स्पा येथे तसल्याच गाडीत गेला. ज्यांना ओलांडू पाहत होता ते जॅकी इक्स, १९८२ चे विजेते. वय सत्तावीस.

चिरंजीवांस यंदा सत्ताविसावे लागले. आज रात्री ते मोटारीने मुंबईस निघाले. कसारा उतरल्यावर फोन करा, असे आम्ही म्हटले नाही; त्यांच्या आईकडून म्हणवले. पावणेबारा झाले आहेत. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात आहे. एकही तपासून झालेली नाही.